लातूरला राहायला येताय? आधी पाणी आणि ज्वारी बघा

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमानांची बँकेतून लातूरला बदली झाली आहे. मुलगी दहावी झाली की नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, शिकवणीसाठी तिथेच शिकणार. सोबत ७२ वर्षांच्या सासूबाई, त्यांना मधुमेह. त्या विचारतात, "लहान शहरात आमचे खाण्यापिण्याचे हाल होतील का? बाहेर जेवायला चांगलं काय मिळतं? रोजच्या जगण्यात काय बदलावं लागेल?"

ताई, मी लातुरात २२ वर्षं मेस चालवते. शिकवणीची मुलं आणि बदलीवर आलेली नोकरदार माणसं, या दोघांचेच डबे मी आजवर भरले. बदलीवर आलेला माणूस पहिला महिना हॉटेलं शोधण्यात घालवतो. दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे येऊन म्हणतो, "काकू, इथे खायला काही नाही हो." हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्याच आठवड्यात त्याच्या शेजारच्या घरात आंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या आणि ताज्या लोण्याचं जेवण झालेलं असतं. आमच्याकडचं चांगलं जेवण अजून फारसं विकायला निघालेलं नाही. ते घरात आहे, शेतात आहे आणि ओळखीतून ताटात येतं. हे धरून तयारी केलीत तर हाल होणार नाहीत.

सुरुवात पाण्यापासून करते, कारण घर बघताना तुम्ही स्वयंपाकघराचा ओटा बघाल आणि पाणी बघायचं राहून जाईल. लातूरची तहान मांजरा धरणावर अवलंबून आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होते, सुमारे पाच लाख लिटर पाणी. तेव्हा माझ्या मेसला सत्तर मुलं जेवायची. भांडी घासायला पाणी नाही म्हणून मी ताटं बंद करून पत्रावळ्या लावल्या. एका टँकरवाल्याकडून घेतलेलं पाणी न उकळता वापरलं आणि दोन दिवसांत अकरा मुलांची पोटं बिघडली. त्यातली दोन मुलं परीक्षेला सलाईन लावून गेली. त्यानंतर माझ्या स्वयंपाकघरात प्यायचं पाणी उकळल्याशिवाय माठात पडलेलं नाही.

आता तशी वेळ नाही. तरी रोज नळाला पाणी येईल असं धरून चालू नका. घरमालकाला तीन गोष्टी विचारा. नळ किती दिवसांनी येतो, हौद किती लिटरचा आहे, आणि बोअरला मे महिन्यात पाणी असतं का. तिसरं उत्तर शेजाऱ्याकडून घ्या. प्यायला बहुतेक घरांत वीस लिटरचा जार येतो. जारचं पाणी गार आणि चवीला गोड असतं म्हणून ते शुद्धच असेल असं समजू नका. सीलबंद बाटलीचं पाणी वेगळं आणि घरोघर येणारा जार वेगळा. जार आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागला तर माणूस बदला. सासूबाईंसाठी उकळूनच ठेवा. फिल्टर बसवणार असाल तर त्यातून वाया जाणारं पाणी बादलीत धरा. फरशी पुसायला आणि संडासात टाकायला ते कामी येतं. इथे ते गटारात सोडणारं घर शेजाऱ्यांच्या नजरेतून उतरतं.

पाण्याचा डाळीशी संबंध आहे आणि इथेच नवीन माणूस फसतो. लातूर म्हणजे तुरीचं गाव. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तुरीच्या राशी आणि गावाभोवती डाळमिल. म्हणून माणूस हौसेने दहा किलो डाळ आणतो आणि चार शिट्ट्या देऊनही ती शिजत नाही. मग डाळ जुनी होती असं म्हणून दुकानदाराशी भांडतो. दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. डाळीच्या दाण्यातल्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन या क्षारांशी जुळलं की घट्ट होतं, मग दाणा फुटतच नाही. उपाय साधा आहे. डाळ अर्धा तास भिजवा आणि शिजवायला पिण्याचं पाणी घ्या, बाकी स्वयंपाकाला बोअरचं चालेल. चिमूटभर सोडा टाकला तर डाळ शिजते, पण त्यात ब जीवनसत्त्व नासतं, म्हणून मी मुलांच्या डाळीत सोडा घालत नाही. चहासुद्धा पिण्याच्या पाण्याचाच करा.

डाळ घेताना लखलखीत पिवळ्या दाण्याला भुलू नका. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याच तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेलाही मिळालं आहे आणि औसा तालुक्यातल्या कास्ती कोथिंबिरीलाही. वरणात ही डाळ, ही चिंच आणि वरून ही कोथिंबीर पडली की दुसरं काही लागत नाही. नावाने विकणारे सगळेच खरं विकतात असं नाही, म्हणून पहिल्या वर्षी एक किलोच घ्या, शिजवून बघा, मग साठवणीची घ्या. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते. डाळ त्यानंतर भरा.

आता ज्वारी. तुम्ही पुण्यात भाकरी खात असाल, पण पाकिटातल्या पिठाची. इथे ते चालवून घेऊ नका. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. मार्च-एप्रिलात तुमच्या बँकेतल्या शिपायापासून घरमालकापर्यंत कोणीतरी म्हणेल, "आमच्या शेतातली देऊ का?" हो म्हणा. चार माणसांना दिवसातून एक वेळ भाकर करायची तर वर्षाला एक ते दीड क्विंटल पुरते. म्हणजे पन्नास किलोचे दोन किंवा तीन कट्टे. मालदांडी मागा. दाणा मोत्यासारखा, जरा पिवळसर, दाताखाली टणक असावा. पावसात सापडलेली ज्वारी काळपट पडते, भाकरीला चव देत नाही आणि टिकतही नाही. उन्हात दोन दिवस चांगली वाळवा, गार होऊ द्या, मग कोठीत भरा. गरम धान्य भरलं की आत घाम येतो आणि किडा लागतो. मी कडुनिंबाचा वाळलेला पाला थरांमध्ये घालते.

दळण एका वेळी पंधरा दिवसांचं आणू नका. आठवड्याचं आणा. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे ते चिकटून राहत नाही, थापताना कडा फाटतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नाही. म्हणून आधणाचं, म्हणजे उकळतं पाणी घालायचं. त्याने पिठातली खळ शिजते आणि तीच भाकरीला धरून ठेवते. पुण्याहून आलेल्या कितीतरी सुना माझ्याकडे "जमत नाही" म्हणून रडकुंडीला येतात. मी आधी पीठ कधी दळलं ते विचारते. दहातल्या सात जणींचं उत्तर तिथेच सापडतं. मुलीला मेसला घालायचं असेल तर भाकर किती वेळ आधी केलेली असते तेही विचारा. ज्वारीची भाकर तव्यावरून ताटात आली तर फूल, तासाभराने तीच चामडं होते.

सासूबाईंबद्दल एक स्पष्ट सांगते, कारण याबाबत गैरसमज फार आहे. ज्वारी चांगली, पोटाला हलकी, गव्हाच्या मैद्यापेक्षा कितीतरी बरी. पण भाकर हे औषध नाही. ती पिठाचीच असते. "ज्वारी आहे, चालते" म्हणून तीन-तीन भाकरी खाऊन साखर वाढवून घेतलेले आजोबा मी पाहिले आहेत. एक भाकर, अर्धी वाटी वरण आणि ताटभर पालेभाजी असं प्रमाण ठेवा. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून जेवणाच्या नव्या वेळेशी बसवून घ्या, कारण इथे रात्रीचं जेवण पुण्यापेक्षा लवकर होतं.

पालेभाजीची मात्र चैन आहे. पावसाळ्यात तांदुळजा, चिघळ, कुर्डू, आंबाडी. थंडीत करडईची कोवळी भाजी, पाथरी आणि हरभऱ्याचा पाला. पाथरी आणि कोवळी करडई आम्ही कच्चीच भाकरीसोबत खातो, वर तेल आणि शेंगदाण्याची चटणी. भाजी घ्यायला सकाळी गंजगोलाईकडे जा. ती गोल बाजारपेठ आहे, मधे अंबाबाईचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. कपडे, भांडी, सोनं, मसाले, प्रत्येकाची आपली गल्ली. पहिल्या दिवशी चुकाल, महिनाभरात पाय आपोआप वळतील. पुण्यातल्या मॉलमधल्या हिरव्या ब्रोकोलीची सवय असेल तर ती इथे रोज मिळेल असं नाही. मशरूम, चीज, पनीर, ब्रेड, सगळं मोठ्या दुकानांत मिळतं. समुद्राची मासळी बर्फात येते, मी घेत नाही. धरणातली रोहू-कटला ताजी मिळते, आणि सुकट-बोंबील आठवडी बाजारात मिळतात.

तेलाबद्दल. आमच्या लहानपणी घरात करडईचं तेल असायचं. आता करडईचा पेरा कमी झाला, सोयाबीन वाढलं. लाकडी घाण्याचं करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल अजून मिळतं, महाग पडतं. भाजीत मोजून घाला आणि चटणीवर कच्चं घ्या. काराळ्याची, जवसाची आणि शेंगदाण्याची, अशा तीन चटण्या घरात असल्या की भाजी न केलेला दिवसही निभावतो. तिखट मात्र सुरुवातीला निम्मं घ्या. बाहेरगावच्या मुलांना पहिल्या महिन्यात पित्ताचा त्रास होतो तो बहुतेक या तिखटाचा आणि शेंगदाण्याच्या कुटाचा. मी नव्या मुलाला पंधरा दिवस वरण-भात, धपाटं आणि दही देते, मग हळूहळू काळ्या मसाल्याच्या आमटीवर आणते. येसर नावाचं पीठ तुम्हाला इथे भेटेल. धान्यं-डाळी भाजून मसाल्यासोबत दळलेलं असतं. दोन चमचे पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की दहा मिनिटांत दाट आमटी. ऑफिसातून दमून आलेल्या माणसासाठी याहून सोयीचं काही मला माहीत नाही. शेजारणीकडून अर्धा किलो मागून घ्या, ती आनंदाने देईल.

न्याहारीला सुशीला करून बघा. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीची फोडणी, वरून डाळ्याची पूड. पोह्यांच्या निम्म्या वेळात होते.

बाहेर जेवण्याचं लवकर सांगून संपवते. शिकवण्यांच्या भागात आता कॅफे, पिझ्झा, मोमो, सगळं आहे आणि फोनवरून मागवायचीही सोय आहे. ते पुण्यात जसं लागतं तसंच लागतं. त्यासाठी गाव बदललं असं वाटायचं कारण नाही. मटण खात असाल तर रस्त्याकडेच्या साध्या खानावळीत जा. उस्मानाबादी बोकडाचं सुकं मटण, वेगळा रस्सा आणि कडक भाकर, दुपारी एकच्या आत. सोमवार, गुरुवार, शनिवार बरीच गिऱ्हाइकं खात नाहीत, म्हणून त्या दिवशी ताज्या मालाची खात्री कमी. औशाच्या पुढे तुळजापूरच्या रस्त्यावर उजनी लागते, तिथली बासुंदी थांबून खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. निलंगा राईस म्हणून गाड्यावरचा फोडणीचा गरम भात मिळतो, मुलीला आवडेल. आणि रविवार मोकळा असेल तर नांदेडला जा. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पंगतीत बसा, मग गावात तहरी, म्हणजे तिथला मसाल्याचा भात, खा. निजामाच्या राज्यातली ही चव लातुरातही आहे, पण नांदेडात ती मुरलेली आहे. संभाजीनगरला कधी गेलात तर नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हाच्या लष्करी भटारखान्याशी तिचं नातं सांगतात.

मुलीच्या मेसबद्दल, हा माझा धंदा असला तरी निःसंकोच सांगते. जाहिरात बघून ठरवू नका. दुपारी साडेबाराला न सांगता जा आणि स्वयंपाकघर दाखवायला सांगा. जी बाई दाखवत नाही तिथे घालू नका. पिण्याचं पाणी कुठलं, तळणाचं तेल किती वेळा वापरतात, आणि रविवारी रात्री काय, हे विचारा. बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात आणि मुलं त्या रात्री वडापाववर राहतात. तुम्ही स्वतः इथे राहणार आहात, तर मुलीला दुपारी डबा आणि रात्री घरचं, हे सर्वांत बरं. नीटच्या वर्षात मुलं जेवण टाळतात. रात्री दीड वाजता भूक लागते तेव्हा बिस्किटाचा पुडा फोडतात. घरात भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि लाह्या तिच्या टेबलावर ठेवा.

घर भाड्याने घेताना मालक विचारेल, "तुम्ही मांसाहार करता का?" हा प्रश्न टोचतो, मलाही टोचतो. तरी उत्तर खरं द्या. खोटं सांगून राहिलेल्या कुटुंबांची वर्षभर घुसमट होते आणि शेजारी जेवणाची देवघेव कधीच सुरू होत नाही. शोधलं तर न विचारणारी घरंही सापडतात.

ही देवघेव हलक्यात घेऊ नका, ताई. तुम्ही राहायला आलात की दोन-तीन दिवसांत कोणीतरी वाटीभर काहीतरी घेऊन दारात येईल. ते घ्या, "आम्ही खात नाही" म्हणू नका. आणि वाटी रिकामी परत करू नका. साखर टाका, शिरा टाका, चार फळं टाका, पण भरून द्या. दोन महिन्यांनी त्याच घरातून ज्वारी कुठे घ्यायची, दुधाची गवळण कोण, डॉक्टर कोण, हे सगळं कळतं. सासूबाई दिवसभर घरात एकट्या असतील तर त्यांच्यासाठी ही वाटी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे. माझ्या बदलीवाल्या गिऱ्हाइकांत जी म्हातारी माणसं इथे रमली, ती सगळी शेजारच्या अंगणात शेंगा फोडायला बसणारी होती.

आणि येळवस. वेळा अमावस्या हा तुमच्या कॅलेंडरवर ठळक नसलेला सण लातूर-धाराशिवकडे दिवाळीएवढा मोठा आहे. मार्गशीर्षातली ही अमावस्या डिसेंबर किंवा जानेवारीत येते. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, दुकानं बंद होतात आणि सगळं शहर शेतात जातं. त्या दिवशी लातुरात फिरलात तर रस्ते ओस दिसतील. नवा माणूस घरात बसून राहतो आणि त्याला वाटतं, आपल्याला कोणी बोलावलं नाही. बोलावणं आठ दिवस आधीच झालेलं असतं, "येळवशीला या बरं का" असं जाता-जाता. ते खरं आमंत्रण असतं. जा.

आदल्या रात्रभर बाया भज्जी करतात. तूर, हरभरा, वाटाणा, वाल, भुईमूग, असे सगळे ओले दाणे, मेथी-पालक-चुका, आणि बेसन-चिंचेत ते शिजवलेलं. त्यासोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडवांची पूजा होते, मग बांधावर पंगत. आंबील पिऊन झाडाखाली झोपायचं, संध्याकाळी हरभऱ्याचे ढाळे उपटून आणायचे. माझा मोठा मुलगा परदेशात असतो. दिवाळीला येत नाही, येळवशीला येतो. पुढच्या महिनाभरात हुरडा सुरू होतो. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजून, हातावर चोळून, शेंगदाण्याच्या चटणीसोबत. हुरड्याचं आमंत्रणही असंच जाता-जाता मिळतं. ऑक्टोबरात बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं, मे महिन्यात केसर आंबा, हे फार सांगायला नको, ते गाड्यावर दिसेलच.

उन्हाळ्याचं एक. एप्रिल-मे पारा चाळिशीच्या आसपास असतो. दुपारी एक ते चार बाजार झोपलेला असतो. इडलीचं पीठ पाच तासांत आंबतं, सकाळी केलेली उसळ संध्याकाळी ठेवू नका. सकाळचा स्वयंपाक नऊच्या आत उरकायची सवय लागेल. शक्य असेल तर मे महिन्यात सामान हलवू नका, जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर या. शाळा-शिकवण्याही तेव्हाच सुरू होतात.

सामानात लोखंडी तवा आणि परात घ्या. नॉनस्टिकवर भाकर नीट होत नाही. काठवट, म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात, इथे गंजगोलाईत घ्या. पहिल्या महिन्यासाठी कोणाकडे तरी डबा लावा, चारही जणांचा, म्हणजे घर लावताना बाहेरचं खावं लागणार नाही. त्याच महिन्यात मेसवाल्या बाईकडे एक दिवस सकाळी आठला जाऊन उभ्या राहा. आधण किती उकळायचं, पीठ किती मळायचं आणि तव्यावर पाणी कधी फिरवायचं, हे बघून कळतं. माझ्याकडे आलात तर सासूबाईंनाही आणा. त्यांच्या हाताची भाकर कशी होते ते मला बघायचं आहे.